एकसष्ट टक्क्यांवर अडलेली 'पडवी'

आयर्लंडमधल्या ओंगारच्या त्या घरात सकाळी पहिला प्रश्न हवामानाचा असे आणि दुसरा टक्क्यांचा. हवामानाचं विचारण्यात तसा अर्थ नव्हता, कारण उत्तर खिडकीच्या काचेवरून ओघळत असे. टक्क्यांचं उत्तरही गेल्या बारा दिवसांत फारसं बदललेलं नव्हतं.

"किती झालं हो?" प्रमोदिनीबाई पोहे परतता परतता विचारत.

"एकसष्ट पूर्णांक चार," गिरीशराव सांगत.

"आणि काल?"

"एकसष्ट पूर्णांक दोन."

"म्हणजे प्रगती आहे," असं म्हणून बाई पोह्यांवर झाकण ठेवत. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची प्रगती त्यांनी याच वेगाने होताना पाहिली होती. त्यांना त्यात काही नवल वाटत नव्हतं.

हे टक्के 'पडवी'चे होते. 'पडवी' हे गिरीशरावांच्या तालुक्याच्या गावातून अठ्ठावीस वर्षं निघालेलं मासिक. एकूण अंक तीनशे छत्तीस. बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली नाही, पण त्या भागातल्या विहिरी, जत्रा, भांडणं, औषधं आणि कविता, सगळं त्यात होतं. त्यातल्या कविता सोडल्या तर बाकीचं दुसरीकडे कुठेही मिळणार नव्हतं. गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या गिरीशरावांनी या अंकांची मायक्रोफिल्म करून ठेवावी असा एक प्रस्ताव फार पूर्वी सुवाच्य अक्षरात लिहिला होता. तो द्यायला ते अध्यक्षांच्या बंगल्यावर तीनदा गेले आणि तिन्ही वेळा फाटकावरूनच परतले. पहिल्या वेळी अध्यक्ष जेवत असतील असं वाटलं, दुसऱ्या वेळी झोपले असतील असं वाटलं, आणि तिसऱ्या वेळी फाटकाशी कुत्रं होतं. हे तिसरं कारण त्यांना अजूनही सबळ वाटतं.

पुढे वाचनालयाची इमारत पडली. अंकांचे गठ्ठे वाचनालयाचा निवृत्त शिपाई बाळू याने आपल्या घरी नेले, आणि दोन वर्षं खपून एकेक पान आपल्या जुन्या संगणकात चढवलं. पानं उलटली तशी तुटत गेली. छापलेली 'पडवी' आता एका पोत्यात चुऱ्याच्या रूपाने होती आणि वाचण्याजोगी 'पडवी' फक्त बाळूच्या संगणकात. तो संगणकही जात्यासारखी घरघर करी, आणि त्याला पेन ड्राइव्ह लावला की डोळे मिटून घेई. दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, "चालतोय तोवर चालू दे. हात लावू नको, हलवू नको." आणि येत्या रविवारी दुपारी बारा वाजता बाळू घर रिकामं करून मुलीकडे नाशिकला चालला होता. त्या दिवशी तिथलं इंटरनेट तुटणार होतं आणि तो संगणक हलणार होता. हलल्यावर तो पुन्हा उठेल असं खुद्द बाळूलाही वाटत नव्हतं.

बाळूच्या भाच्याने सुचवलेला मार्ग टॉरेंटचा होता. एकाच्या संगणकातून तुकड्या-तुकड्याने माल अनेकांकडे जातो आणि घेणारेही घेता घेता एकमेकांना देऊ शकतात. संपादकांच्या मुलाची लेखी परवानगी घेऊन गिरीशरावांनी ती तारीख घालून जपून ठेवली होती. तरीही 'टॉरेंट' हा शब्द ते घरात हळू आवाजात उच्चारत. मग "'पडवी' वाचवा" असा तेवीस जणांचा एक ग्रुप निघाला. त्यातले सहा ज्येष्ठ धीर करून डाउनलोडला तयार झाले, गिरीशराव सातवे. त्या सगळ्यांसाठी गिरीशरावांनी अकरा कलमांचं एक मार्गदर्शक टिपण लिहिलं. ते लोकांना फार आवडलं. "इतकं स्वच्छ मराठीत संगणकाबद्दल प्रथमच वाचलं," असं कोल्हापूरच्या स्नेहलताबाईंनी कळवलं, तो संदेश गिरीशरावांनी तारांकित करून ठेवला होता. आयुष्यात त्यांचं कौतुक झाल्याची लेखी नोंद तेवढीच.

ऑगस्टमध्ये लेकीकडे, केतकीकडे, आयर्लंडला आल्यापासून दोन महिन्यांत साठ टक्के 'पडवी' आली. मग बाळूच्या गावात नळाच्या पाइपासाठी रस्ता खणला, कुठेतरी तार चिमटली गेली, आणि धार आटली. बाळूने तसं कळवलंही होतं. पण दोष आपल्याकडेच असणार, यावर गिरीशरावांचा पहिल्यापासून विश्वास होता. कुठेही काचेचा पेला फुटला की ते आधी स्वतःच्या हातांकडे बघत.

सोमवारी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर नेताना शेजारच्या डेक्लनने त्यांना गाठलं. डेक्लन म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. पावसात तासभर उभं राहून गप्पा मारता येतात हे गिरीशरावांना त्याच्यामुळे कळलं. 'गिरीश' हे नाव त्याने पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं.

"तोंड का असं, जेरी?"

गिरीशरावांनी कारण सांगितलं.

"तुझा तो राउटर कुठे ठेवलाय?"

"जिन्याखालच्या प्रेसमध्ये." इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे त्यांनी शिकून घेतलं होतं.

"बटाट्यांच्या शेजारी? कोंडलायस बिचाऱ्याला! बाहेर काढ, घराच्या मधोमध उंचावर ठेव. एकदम ग्रँड होईल."

घराच्या मधोमध उंचावर एकच जागा होती, ती म्हणजे बैठकीतली देवघराची फळी. "देवाला करंट लागेल," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. गिरीशराव म्हणाले की लागणार नाही, पण तो संशय त्यांना स्वतःलाही शिवून गेलाच. शेवटी गणपतीच्या डाव्या हाताला, मध्ये सुपारीएवढं अंतर सोडून, राउटर बसला. दुसऱ्या दिवशी पूजा करताना बाईंनी त्याच्यावरही एक फूल ठेवलं. "एवढे दिवे लुकलुकतात, बरं दिसत नाही तसंच सोडायला," त्या म्हणाल्या.

जिन्याखालून देवघरापर्यंत वायर मात्र हवेतून न्यावी लागली. ती जावयाच्या, म्हणजे अभिजितच्या, नजरेस पडली नाही, पायास पडली. एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात चालू मीटिंग घेऊन तो उतरत होता. कॉफी भिंतीवर गेली, मीटिंग गेली ती गेलीच.

"काही नाही बाबा, ग्रँड," अभिजित गुडघा चोळत म्हणाला.

या देशात 'ग्रँड' हा शब्द उत्तम जेवणापासून मोडलेल्या हाडापर्यंत कशालाही चालतो. जावई नेमका त्या पट्ट्यात कुठे आहे, हे न कळल्यामुळे गिरीशरावांना दिवसभर जेवण गेलं नाही. टक्के एकसष्ट पूर्णांक सहा.

बुधवारी चार घरं पलीकडचा संग्राम आला. हा मूळचा नागपूरचा, एका मोठ्या कंपनीत नेटवर्कचंच काम करणारा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं.

"काका, काऊन टेन्शन घेता? पोर्ट बंद असन तुमचा. दोन मिनिटांत करून देतो."

"अभिजितरावांना विचारून..."

"अरे, अभिजितला काय विचारायचं! तो कोड लिहिते, त्याला राउटरमधलं का कळते?"

संग्रामने देवघरासमोर चप्पल काढली, राउटरला नमस्कार केला (त्यावर फूल होतं, त्याचा दोष नाही) आणि मग एक टाचणी मागून त्याच्या पाठीतल्या बारीक भोकात खुपसली. दिवे विझले. पुन्हा लागले ते वेगळ्याच रंगाचे. तेवढ्यात संग्रामच्या ऑफिसचा फोन आला आणि तो "येतोच काका" म्हणून गेला. तो गेला ते थेट विमानतळावर. त्याला स्टॉकहोमला जायचं होतं, हे नंतर कळलं.

राउटर सगळं विसरला होता. घराचं नाव, पासवर्ड, कोण आपलं, कोण परकं, काही त्याला आठवत नव्हतं. आणि या घरात सगळंच त्याच्या ओळखीवर चालत होतं. हीटिंग बंद झालं. दारावरची बेल मुकी झाली. केतकीचे हॉस्पिटलचे कपडे पोटात घेऊन वॉशिंग मशीनने दार लावून घेतलं. ऑक्टोबरातली ओल घरात शिरली. प्रमोदिनीबाईंनी स्वेटरवर स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि शांतपणे विचारलं, "आता किती टक्के?"

अभिजित ऑफिसात, केतकी ड्यूटीवर. गिरीशरावांनी ठरवलं की आपण घातलेला घोळ आपणच निस्तरायचा. त्यांनी कंपनीला फोन लावण्याआधी इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून काढली, दोनदा मोठ्याने वाचली आणि मग फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता.

"जोडणी कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या जावयांच्या."

"हरकत नाही. फक्त एक सुरक्षेचा प्रश्न. खातेदाराच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव?"

गिरीशरावांनी फोन कानापासून दूर धरला. विहीणबाईंचं माहेरचं आडनाव परक्या देशातल्या परक्या मुलाला फोनवर सांगायचं? प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं तर त्या म्हणाल्या, "सांगा हो, थंडी वाजतेय." त्यांनी सांगितलं, "घैसास." अक्षरं एकेक करून सांगितली.

"माफ करा, जुळत नाही."

गिरीशरावांची स्मरणशक्ती इथे जागी झाली. केतकीचं लग्न ठरवताना त्यांनी समोरच्या घराण्याची माहिती टिपून घेतली होती, आणि टिपलेलं ते विसरत नसत. विहीणबाईंचे वडील दत्तक गेलेले! मूळचे ते आगाशे. अभिजितने आजोबांचं मूळ आडनाव दिलं असणार. मुलगा विचारी आहे.

"आगाशे."

"माफ करा, नाही."

"मग," प्रमोदिनीबाई कानटोपी सारून म्हणाल्या, "त्यांच्या गावाचं नाव लावायचे ना ते काही दिवस? गुहागरकर?"

गुहागरकर सांगितल्यावर तो गोड मुलगा अधिकच गोड आवाजात म्हणाला, की तीन उत्तरं चुकल्यामुळे खातं अठ्ठेचाळीस तासांसाठी बंद करण्यात आलं आहे.

संध्याकाळी अभिजित कोट न काढताच सगळं ऐकत राहिला. "बाबा," तो शेवटी म्हणाला, "आईचं खरं आडनाव कुणीही शोधून काढेल. म्हणून मी तिथे 'मिसळ' लिहिलं होतं."

केतकी पाठ वळवून मशीनच्या दाराशी झटत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय, हे बघायचा धीर गिरीशरावांना झाला नाही.

गुरुवार असाच गारठ्यात गेला. शुक्रवारी खातं उघडलं. ऑफिसातून आल्यावर अभिजितने एकेक करून सगळं पूर्ववत केलं. हीटिंग सुरू झालं, कपडे सुटले, राउटर देवघरातून उतरून पुन्हा बटाट्यांपाशी गेला. शनिवारी जेवणं झाल्यावर गिरीशरावांनी घसा खाकरला. टक्के बासष्ट पूर्णांक शून्य. उद्या रविवार.

"अभिजितराव, आम्ही पुढच्या आठवड्याची तिकिटं बघावीत म्हणतो. तुम्हाला फार त्रास झाला."

"मला विचारलंत?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी कुठे जात नाही. घर आत्ताच कुठे गरम झालंय."

अभिजित सासऱ्यांच्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसला. दोन महिन्यांत त्याला कोणी हे बघायला बोलावलंच नव्हतं आणि आपणहून सासऱ्यांच्या वस्तूला हात लावणं त्याला बरं वाटलं नव्हतं. असे ते दोन सभ्य गृहस्थ एकाच घरात एकमेकांना टाळून वावरत होते.

"बाबा, ही यादी बघितलीत? बाळूकाका सोडून तुम्ही सात जण. सगळ्यांचे टक्के बघा."

बासष्ट. बासष्ट. एकसष्ट पूर्णांक नऊ. बासष्ट. साती जण त्याच पायरीवर बसले होते.

"म्हणजे दोष माझ्या एकट्याकडे नाही?" गिरीशरावांना क्षणभर हलकं वाटलं.

"अपलोड, म्हणजे बाहेर पाठवायचा वेग, एकवर कोणी ठेवलाय?"

"मी. आधी शून्य लिहिलं होतं. पण शून्य लिहिलं की हे यंत्र त्याचा अर्थ 'कितीही' असा घेतं. म्हणून एक."

"पण का?"

गिरीशराव टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, "घर तुमचं, जोडणी तुमची. आमचे वडील तर मुलीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसत. आम्ही पाणी घेतो, पोहे घेतो, हीटिंग घेतो. निदान तुमच्या घरातून उचलून बाहेरच्यांना तरी वाटू नये, एवढंच."

अभिजितने लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला. मग म्हणाला, "आणि बाकीच्या सहा जणांनी एक का ठेवलंय?"

हा प्रश्न पोचायला वेळ लागला. पोचला तेव्हा गिरीशरावांचे कान तापले. अकरा कलमांच्या त्या टिपणातलं सातवं कलम त्यांना अक्षरशः पाठ होतं. 'अपलोड एकवर ठेवावे. आपणांपैकी बहुतेक जण मुलांच्या घरी पाहुणे आहोत, याचे भान असावे.' स्नेहलताबाईंनी विशेष कौतुक केलं होतं ते याच कलमाचं.

"बाळूकाका प्रत्येकाला वेगवेगळे तुकडे देत होते," अभिजित सांगत होता. "तुमच्याकडे जे नाही ते कोल्हापुरात पडलंय. कोल्हापूरकडे नाही ते तुमच्याकडे आहे. सातांचं एकत्र केलं तर जवळजवळ सगळी 'पडवी' होते. बाळूकाकांकडून फक्त शेवटचं थोडंसं यायचंय. पण सगळे आपापला वाटा मांडीखाली घेऊन त्यांच्याच तोंडाकडे बघत बसलेत."

"उद्या साडेसातच्या आत होईल?" बाळूचे बारा म्हणजे इथले साडेसात.

"सगळ्यांनी आत्ता सोडलं, तर होईल. तिकडे रात्रीचे आठ वाजत आलेत. माणसं झोपायच्या आत सांगायला हवं."

तेवीस माणसांसमोर, लेखी, आपण चुकलो असं सांगायचं. फाटक, बंगला आणि कुत्रं, तिन्ही एकदम गिरीशरावांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी पहिला मसुदा केला तो दीड पानांचा झाला. त्यात 'सातवे कलम' हा शब्द शेवटून दुसऱ्या ओळीत येत होता. प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"यात तुमचा पश्चात्तापच सगळा. करायचं काय ते कुठाय? ती माणसं साडेनऊला गोळ्या घेऊन झोपतात. 'चूक माझी, सातवं कलम रद्द, एकच्या जागी शून्य करा, आत्ता करा.' एवढंच लिहा."

"आणि माफी?"

"ती उद्या मागा. उद्या रविवार आहे, लोकांना वाचायला वेळ असतो."

त्यांनी तेवढंच लिहिलं. वर फक्त 'शुद्धिपत्र' असा मथळा दिला, कारण तो दिल्याशिवाय त्यांचा हात पुढे जाईना. पाठवलं आणि लॅपटॉपकडे पाठ करून खिडकीत उभे राहिले.

पहिलं उत्तर स्नेहलताबाईंचं. 'केलं. मला वाटत होतं माझ्याच मशीनला काहीतरी झालंय. सुनेला सांगायला संकोच वाटत होता.' न्यू जर्सीहून कुणी तात्या, 'अगदी हेच.' पुण्याहून एकांनी लिहिलं, 'ग्रंथपालाकडून ही अपेक्षा नव्हती.'

गिरीशराव खुर्चीत बसले. "बघितलंस?"

"एकानेच म्हटलं ना?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही तेविसांची तयारी ठेवली होतीत. शिवाय त्यांनी शून्य केलंय का ते बघा आधी." त्यांनीही केलं होतं.

शेवटचा संदेश बाळूचा होता, आणि तो ग्रुपवर नव्हता.

'साहेब, भाचा मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता की सात नंबर चुकलाय. पण तुम्ही लिहिलंय म्हटल्यावर त्यात काहीतरी कारण असणार. तुमच्या कागदात मी कशी चूक काढू? तुम्हाला बरं वाटलं नसतं.'

गिरीशरावांनी तो तीनदा वाचला. ज्या माणसाने दोन वर्षं पाठ मोडून एकेक पान वाचवलं, तो एवढंसं सांगायला दोन महिने आपल्या दाराशी घुटमळला होता. आपल्याही घराला फाटक आहे, आणि ते बाहेरून बरंच उंच दिसत असावं, हे त्यांना सत्तरी उलटल्यावर आज कळत होतं. त्यांनी बाळूला उत्तर लिहायला घेतलं, चार वेळा खोडलं, आणि शेवटी सरळ फोनच लावला. पलीकडे सामान बांधल्याचा आवाज येत होता.

"बाळू, चूक दिसली की सांगत जा रे."

"हो साहेब."

"साहेब नको."

"बरं साहेब," बाळू म्हणाला.

संध्याकाळी जेवताना टक्के शहात्तर होते. टक्के असे पळू शकतात, हे त्या घराने प्रथमच पाहिलं. सकाळी सव्वासहाला गिरीशराव खाली आले तेव्हा अठ्ठ्याण्णव. सात वाजता नव्व्याण्णव पूर्णांक सहा, आणि तिथे आकडा थांबला. गिरीशराव स्वेटरच्या बाह्या ओढत बसून राहिले. सात वाजून एकोणीस मिनिटांनी शंभर झाले. काही वाजलं नाही, काही लुकलुकलं नाही. फक्त एक रेघ पूर्ण भरली. त्यांनी पहिला अंक उघडून पाहिला. पिवळट पान, कोपऱ्यात बाळूचा अंगठा उमटलेला. साडेसातला दोन मिनिटं असताना बाळूचं नाव यादीतून गेलं.

डोळे चोळत अभिजित खाली आला. "झालं ना, बाबा? मग बंद करू आता?"

"नको," गिरीशराव म्हणाले. "स्नेहलताबाईंकडे वीज गेली होती, त्यांचे तीन टक्के राहिलेत. न्यू जर्सीचे तात्या नव्वदवर आहेत. त्यांना आता बाळू नाही. आपल्याकडून जाऊ दे."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण जावयाला त्याच्याच घरात नाही म्हणालो. पडद्यावर 'पाठवले' असं लिहिलेल्या रकान्यातला आकडा त्यांच्या देखत वाढत होता. कालपासून या घरातून अकरा जीबी बाहेर गेले होते. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं.

"आणि अभिजित," ते म्हणाले, "चहा टाकतोस का? माझ्यात दोन चमचे साखर घाल."

अभिजितने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग प्रेस उघडून त्याने मोठं पातेलं काढलं.